पुढच्या रविवारी

(कोजागिरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या 'सभासदांचे अनुभव' या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके केले आहे. बोलण्याची ढब मात्र तशीच ठेवली आहे.)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत. दूध आटायला अजून तेवढा वेळ लागेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आज मी दूध आटेपर्यंतचा वक्ता आहे. भांड्याजवळ उभ्या असलेल्या वहिनींनी पळीने खूण केली, की मी थांबेन.

आज आपण जागत बसलोय चंद्रासाठी. २०१९ च्या जून महिन्यात मी आणि सौ. अशा एका गावी होतो, जिथं रोजच कोजागिरी होती. फक्त चंद्राच्या जागी सूर्य. नॉर्वे देशाच्या उत्तरेला लोफोटेन नावाची बेटं आहेत, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर. मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथं सूर्य मावळत नाही. रात्री बारा वाजता मी खिडकीशी बसून चष्मा न लावता घड्याळ बघितलंय. सौ. म्हणाली, "अहो, दिवेलागण कधी करायची इथं?" मी काय सांगणार?

माझी लेक आणि जावई त्रॉन्डहाइमला असतात. तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, यंदा तुम्ही या. आपण मासे गरवायला जाऊ." आता तुमच्यातल्या कोकणवाल्यांना गरवणं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, गळ टाकून मासे धरण्याला आमच्याकडे गरवणं म्हणतात. माझं बालपण रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठी गेलं. शाळा सुटली की गरी घेऊन धक्क्यावर. गळाला कोलंबी लावायची आणि दोरी बोटावर धरून बसायचं. शिंगटी लागली की कशी ओढ लागते आणि तांबोशी लागली की कशी, हे बोटाला कळतं, डोळ्याला नाही. पुढे बँकेत लागलो, डोंबिवलीला आलो आणि ते बोट पासबुकं भरण्यात गुंतलं.

लेकीच्या तोंडून 'गरवायला' हा शब्द ऐकला आणि मी थोडा चपापलो. का, ते पुढे सांगतो.

आम्ही त्रॉन्डहाइमहून आगगाडीने बोडो या गावी गेलो. साधारण दहा तासांचा प्रवास. वाटेत गाडी ध्रुववृत्त ओलांडते. बोडोहून मोठ्या फेरीबोटीत बसायचं आणि तीन-साडेतीन तासांनी मोस्केनेसला उतरायचं. बोटीतून आधी काहीच दिसत नाही. मग क्षितिजावर करवतीचे दात उगवावेत तसे डोंगर वर येतात. सरळ पाण्यातून उठलेले, काळे, आणि जूनमध्येही घळीघळींतून बर्फ. त्यांच्या पायथ्याशी चिमुकली लाल घरं, निम्मी जमिनीवर, निम्मी पाण्यात रोवलेल्या खांबांवर. त्यांना रोर्बू म्हणतात. पूर्वी हिवाळ्यात दुरून होड्या वल्हवत येणाऱ्या कोळ्यांना राहायला ही घरं असत. राजा ऑयस्टाइन यानं अशी पहिली घरं ११२० च्या सुमारास बांधून दिली, असं तिथं सांगतात. म्हणजे कामगारांसाठी गृहनिर्माण! मी लगेच लेकीला विचारलं, "मेंटेनन्स कोण भरत होतं?" पंचवीस वर्षांची सवय, दुसरं काय.

धक्क्यावर उतरलो आणि वारा आमच्या बाजूला फिरला. सौ. जागच्या जागी थांबली. म्हणाली, "सुकटीचा वास येतोय."

खरंच येत होता. रस्त्याच्या कडेला लाकडी ओंडक्यांचे उंच मांडव होते आणि त्यांवर मासे सुकत घातलेले. बरेचसे उतरवून झाले होते, काही मांडवांवर नुसती डोकी लोंबत होती. हा कॉड मासा. उन्हाळाभर तो वर बॅरेंट्स समुद्रात असतो आणि जानेवारी ते एप्रिल या काळात शेकडो किलोमीटर पोहत लोफोटेनला अंडी घालायला येतो. बाळंतपणाला माहेरी यावं तसा. त्या वेळी तिथं मोठी मासेमारी चालते. मासे साफ करतात, दोन-दोन शेपट्या एकत्र बांधतात आणि मांडवावर टांगतात. मीठ नाही, मसाला नाही. थंडी शून्याच्या आसपास, त्यामुळे मासा सडत नाही, फार गोठतही नाही; माश्या घोंगावत नाहीत. समुद्राचा एक कोमट प्रवाह किनाऱ्याजवळून वाहतो, म्हणून ध्रुववृत्ताच्या वर असूनही तिथली बंदरं गोठत नाहीत. वारा दोन-तीन महिने त्या माशातलं पाणी काढून घेतो. पाच किलोचा मासा एक किलोवर येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. मासा इटलीला जातो, डोकी नायजेरियाला. इटलीशी नातं जुनं. १४३२ साली व्हेनिसचा क्वेरिनी नावाचा एक व्यापारी जहाज फुटून तिथल्या एका बेटावर लागला होता. कोळ्यांनी त्याला जगवलं, आणि परत जाऊन त्यानं या सुक्या माशाचं वर्णन लिहून ठेवलं.

आपल्याकडे वसईला, वर्सोव्याला बांबू बांधून बोंबील सुकवतात ना, तसंच हे. आपण दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकतो, ते दोन कॉडच्या शेपट्या बांधतात. जोडीजोडीनंच सुकायचं, हा नियम दोन्हीकडे सारखा.

सुकटीच्या वासावरून आठवलं. मी सेक्रेटरी असताना 'ब' विंगमधून लेखी तक्रार आली होती, जिन्यात सुकटीचा वास येतो, संबंधित सभासदास समज द्यावी. संबंधित सभासद मीच होतो. मी मलाच पत्र पाठवलं आणि माझ्याच सहीची पोच फाइलला लावली. फाइल अजून ऑफिसात आहे, बघून घ्या.

असो. आम्ही पोचलो शनिवारी संध्याकाळी. संध्याकाळ म्हणजे घड्याळातली. रेइने नावाच्या गावाजवळ आमचं रोर्बू होतं. सामान लावताना लक्षात आलं, पिठाची, तांदळाची पिशवी आहे, सौ.नं मुंबईहून आणलेली कोकमं, तिखट, नारळाच्या दुधाची पावडर आहे. पण भाजी, अंडी, दूध काही नाही. नॉर्वेत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. आमच्या जवळचं दुकानही बंद होतं. जावई म्हणाले, "बाबा, उद्या मासा मिळाला तर जेवण, नाही तर लोणचं-भात." जावई नागपूरचे. सावजी रश्श्याला न डगमगणारा माणूस, पण माशाच्या काट्याला घाबरतो. त्यांना लोणचं-भातच हवा होता, असा माझा संशय आहे.

रविवारी सकाळी घरमालक होडी दाखवायला आले. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, आयुष्य मासेमारीत गेलेलं. त्यांना मराठी येत नाही, मला नॉर्वेजियन येत नाही. मधे माझी नात. वय वर्षं आठ. ती दोन्हीकडे भाषांतर करत होती आणि दोघांनाही मधूनमधून दटावत होती. आजोबांनी माझ्या हाताकडे बघितलं, उजव्या तर्जनीवर दोरीचा जुना बारीक व्रण आहे तिकडे. मग त्यांनी स्वतःचा हात पुढे केला. तसाच व्रण. भाषांतराची गरज पडली नाही.

त्यांनी नातीला सांगितलं, की हिवाळ्यात तिथली शाळकरी मुलं कॉडच्या जिभा कापण्याचं काम करतात. सुरी घेऊन धक्क्यावर उभी राहतात आणि जिभा विकून स्वतःचे पैसे मिळवतात. ते ऐकल्यापासून आमच्या घरात सुऱ्या उंचावर ठेवतात.

आता होडी. पाचेक मीटरची, मागे छोटं इंजिन. समुद्रात गळाने मासे धरायला तिथं परवाना लागत नाही, आपल्यासारख्या पाहुण्यालाही नाही. पण नियम आहेत. आठ मीटरपेक्षा लहान होडीत, होडी चालू असताना लाइफ जॅकेट अंगात असलंच पाहिजे. २०१५ पासून तसा कायदा आहे. सौ. साडीवर जॅकेट घालून बसली. तो फोटो या स्मरणिकेत छापू नये, अशी तिची सूचना आहे आणि ती मी पाळतोय.

सुकाणू लेकीच्या हातात. मी पुढे. फ्योर्ड म्हणजे समुद्राची लांबच लांब खाडीच, फक्त दोन्ही काठांना हजार-हजार फूट कडे. पाणी काचेसारखं. वर समुद्री गरुड घिरट्या घालत होता. गळाला आमिष नाही, चमचमणारं धातूचं वजन असतं. ते तळापर्यंत सोडायचं, थोडं वर घ्यायचं आणि हात वर-खाली करत राहायचं. मी रीळवाली काठी धरली खरी, पण मला काही उमजेना. पंधरा मिनिटांनी मी दोरी तर्जनीवर घेतली. लेक हसली. म्हणाली, "घ्या, घ्या. तशीच घ्या."

पहिला मासा नातीला लागला. कॉड. आपल्या हिशेबानं चांगला घसघशीत, दोन वेळचं कालवण झालं असतं. नातीनं खिशातून टेप काढली, मासा मोजला. एकेचाळीस सेंटीमीटर. "सोडायचा," ती म्हणाली. त्या वर्षी त्या भागात कॉडला किमान ४४ सेंटीमीटरची मर्यादा होती. सौ. म्हणाली, "अगं, तीन बोटांचा तर फरक! कोण बघतंय इथं?" नात म्हणाली, "आजी, मी बघतेय ना." आणि तिनं ओल्या हातांनी मासा पाण्यात सोडला. लोणचं-भाताच्या दिशेनं एक पाऊल पुढे.

मग तासभर काही नाही. आणि मग एकदम सेइ नावाच्या माशांचं थवं खालून आलं. काय सांगू तुम्हाला! बोटाला पहिली ओढ लागली आणि मी बारा वर्षांचा झालो. मासा खाली बुडी मारतो, दोरी कापत जाते, मग ढिली पडते, परत ओढते. एक घेतला, दुसरा घेतला. जावयांनाही एक लागला आणि ते घाबरून "आता काय करू, आता काय करू" ओरडत होते. तिसरा मासा माझ्या बोटावर होता, तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, दोरी गुंडाळा. परत जायचं."

मी म्हटलं, "अगं, आत्ता तर लागायला लागलेत. पाच मिनिटं."

"नाही. आत्ता."

मला काही वेगळं दिसत नव्हतं. तिनं फ्योर्डच्या तोंडाकडे बोट केलं. तिथं पाण्याचा रंग बदलला होता, निळ्याचा राखाडी. बस्स, तेवढंच. ती इंजिन चालू करून मोकळी झाली. मी मनातून नाराज. धक्क्याला होडी बांधून आम्ही वर आलो आणि अर्ध्या तासात सगळा फ्योर्ड पांढऱ्या फेसाच्या लाटांनी भरून गेला. या बेटांच्या टोकाला समुद्रात एक मोठा भोवरा आहे. ज्यूल व्हर्नच्या पाणबुडीच्या कादंबरीचा शेवट त्या भोवऱ्यात होतो. आम्ही काही तिकडे जाणार नव्हतो. पण खिडकीतून त्या लाटा बघताना माझ्या पोटात गोळा आला. पाच मिनिटं मागणारा मी, खाडीकाठी वाढलेला माणूस होतो.

जेवण झकास झालं. कोकमं घालून सेइचं कालवण, थोडे तुकडे तळलेले. मोठा मासा, काटे बोटाएवढे, सहज दिसणारे. जावयांनी दोनदा भात घेतला. नागपुरात कोणी सांगू नका.

रात्री साडेअकरा झाले असतील. वारा पडला होता. सूर्य डोंगराआड होता, पण शेंडे सगळे केशरी. बाकीचे झोपले होते, खिडकीला जाड पडदे लावून. मी आणि लेक धक्क्यावर बसलो होतो. मी तिला विचारलं, "तुला ते १९९८ चं आठवतं का गं?"

मंडळी, आता ते सांगतो. इथं जुने सभासद बसलेत, त्यांना ती वर्षं आठवत असतील. इमारत अर्धवट, पैसे भरून झालेले, ताबा लांबत चाललेला. आम्ही सात-आठ जण दर रविवारी साइटवर यायचो. प्लास्टरवर पाणी मारतात का ते बघायचं, टाकीचं काम अडवून धरायचं, बिल्डरच्या ऑफिसात बसून राहायचं, मग सोसायटीच्या नोंदणीसाठी घरोघर फिरून सह्या घ्यायच्या. १९९९ ला नोंदणी झाली, पण त्याआधीची दोन वर्षं मला रविवार म्हणून काही नव्हता. लेक तेव्हा तेरा वर्षांची. माझ्या खाडीच्या गोष्टी ऐकून तिला गरवायचं वेड लागलं होतं. मोठागावच्या खाडीवर जायचं, असं आमचं ठरलं. तिनं पडद्याची जुनी काठी घेऊन गरी तयार केली, बाजारातून गळ आणला. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी पाण्याच्या टाकीचं निघालं. मग परत, "पुढच्या रविवारी." असे किती गेले, मोजले नाहीत. एक दिवस ती काठी परत पडद्याला लागलेली दिसली. मी त्यावर काही बोललो नाही. तीही नाही.

तर तिथं धक्क्यावर ती म्हणाली, "आठवतं की. पण बाबा, मासे राहिले म्हणून मला वाईट नव्हतं वाटलं. घर होत होतं, ते मला कळत होतं. मी दर रविवारी पाचला उठून कपडे घालून बसायचे. तुम्ही 'नाही, जमणार नाही' असं सरळ म्हणाला असतात, तर मी झोपले असते. मैत्रिणीकडे गेले असते. तुम्ही एकदाही नाही म्हणाला नाहीत."

मला काही बोलता येईना. मी तिला समजावायला निघालो होतो, की बघ, तेव्हा परिस्थिती कशी होती. आणि इथं भलतीच गोष्ट निघाली. मी वीस-एकवीस वर्षं समजत होतो, की माझ्याकडून वेळ द्यायचा राहिला. तिचं म्हणणं, 'नाही' द्यायचं राहिलं. आणि त्याच दिवशी दुपारी तिनं मला 'नाही, आत्ता' असं दोन शब्दांत ऐकवलं होतं. मी नाराज झालो होतो, पण वाट बघत बसलो नव्हतो. जिवंत धक्क्यावर बसलो होतो.

मी म्हटलं, "चुकलं माझं."

ती म्हणाली, "बरं. आता झोपा. उद्या सकाळी दुकान उघडेल, दूध आणायचंय."

संपलं. एवढंच. वीस-एकवीस वर्षांचा हिशेब, आणि तिनं दुधावर मिटवला.

हे मी आज इथं का सांगतोय? या इमारतीला लवकरच पंचवीस वर्षं होतील. स्मरणिकेत आमच्या पहिल्या कमिटीचं कौतुक छापून येईल. करा कौतुक, आम्हाला आवडेल. टाकी गळत नाही ती उगाच नाही. पण त्या टाकीत आमच्या मुलांचे रविवार आहेत. त्यांनी कुठं सह्या केल्या नाहीत, त्यांची नावं कुठल्या ठरावात नाहीत. त्यांचीही आठवण ठेवा. आणि आत्ताच्या कमिटीतल्या तरुण मंडळींना एक सांगणं. सोसायटीचं काम जरूर करा, कोणी तरी करायलाच हवं. पण घरात कोणी पाचला उठून कपडे घालून बसलं असेल, तर त्याला 'पुढच्या रविवारी' म्हणू नका. जमणार असेल तर जा. नसेल तर नाही म्हणा. पोरं 'नाही' पचवतात.

शेवटचा किस्सा. वहिनींनी पळी उचललेली मला दिसतेय.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये लेक आणि नात इथं आल्या होत्या. रविवारी आपली वार्षिक सभा होती. नोंदणी झाल्यापासून मी एकही वार्षिक सभा चुकवली नव्हती. त्या दिवशी मी सेक्रेटरींकडे चिठ्ठी दिली, 'घरगुती कामामुळे गैरहजर राहात आहे.' आणि आम्ही तिघं सकाळी सहाला मोठागावच्या खाडीवर गेलो. काठी बाजारातून आणली होती. लेकीचं वय अडतीस. गळाला कोलंबी तिनंच लावली.

निघताना सौ.नं दारात बजावलं होतं, "श्रावण चालू आहे. मासा आणलात तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही."

दोन तासांनी एक शिंगटी लागली, वीतभर. तिचा काटा विषारी, म्हणून गळ मी सोडवला. नातीनं सवयीनं खिशातून टेप काढली आणि विचारलं, "आजोबा, इथं किती सेंटीमीटरचा नियम आहे?"

मी म्हटलं, "इथं आज श्रावणाचा नियम आहे."

तिनं ओल्या हातांनी शिंगटी पाण्यात सोडली. आम्ही वडापाव खाल्ला आणि घरी आलो. वार्षिक सभा माझ्याशिवाय व्यवस्थित पार पडली होती. मेंटेनन्स मात्र दोनशे रुपयांनी वाढवून ठेवला होता.

दूध झालं वाटतं.